पडल्यानंतरची रिकीब
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



वर्धापनदिनाला आपल्यापैकी एकीने एखाद्या विषयावर चार शब्द बोलावेत, अशी आपल्या मंडळाची रीत आहे. मागे कुणी कुरडया-पापडांवर बोलल्या, कुणी बालसंगोपनावर, कुणी पंढरीच्या वारीवर. यंदा चिटणीसबाईंनी मला विचारले, तेव्हा मी विषय सांगितला की, घोड्यावरून पडलेल्या मुलीला पुन्हा अडथळ्यावरून उडी घेण्याचा धीर कसा यावा. त्या हसल्या आणि म्हणाल्या, "अहो, आपल्या मंडळात घोड्यावर बसते कोण?" मी म्हटले, "बसत कुणी नसेल, पण कुठे ना कुठे पडलेल्या तर सगळ्याच आहोत." त्यावर त्यांनी निमूटपणे विषय लिहून घेतला.

मी सातवीपर्यंत शिकलेली बाई. घोड्यावर मी स्वतः कधी बसले नाही. पण माझ्या भावाच्या मुलीच्या निमित्ताने मी हा विषय जवळून पाहिला, जाणत्यांकडून ऐकला आणि मिळेल तेवढा वाचला. तेच आपल्यापुढे ठेवते.

प्रथम एक गोष्ट सांगते. घोडा आपल्या मुलखाला परका नाही. माझे माहेर उदगीरकडचे. त्या उदगिरास १७६० साली सदाशिवरावभाऊंनी निजामाचा पराभव केला, त्यात मराठ्यांचे घोडदळही होते. भीमा नदीच्या खोऱ्यातली भीमथडीची तट्टे अंगाने लहान, पण काटक. त्यांच्या पाठीवर बसून मराठे पार उत्तरेत गेले. माझे सासर नांदेडचे. इथे गुरू गोविंदसिंहजींनी १७०८ साली देह ठेवला. हजूर साहिबला आजही घोडे मानाने सांभाळले जातात आणि दसऱ्याला व होळीला हल्ल्याची मिरवणूक निघते, तेव्हा सजवलेले घोडे पाहायला आपण सगळ्या रस्त्याच्या कडेला उभ्या राहतो. नांदेडहून लातूरकडे जाताना माळेगाव लागते. मार्गशीर्ष वद्यात तिथे खंडोबाची यात्रा भरते. घोडे, गाढवे, उंट, लाल कंधारी गाई-बैल, सगळा बाजार तिथे लोटतो. आणि तो खंडोबा तरी कसा? घोड्यावर बसलेला, आणि जोडीला म्हाळसा. देव्हाऱ्यातल्या टाकावर नीट पाहा. देवाबरोबर देवीही घोड्यावर आहे. तेव्हा बाईमाणसाने घोड्यावर बसणे ही काही आजची टूम आहे, असे कुणी म्हणू नये.

आता मुलींना वाटाही नव्या उघडल्या आहेत. पुण्याजवळ खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत २०२२ साली मुलींची पहिली तुकडी दाखल झाली आणि ३० मे २०२५ रोजी त्यांतल्या सतरा जणी शिक्षण पुरे करून बाहेर पडल्या. तिथे घोडेस्वारीही शिकवतात. आपल्याकडच्या मुली हे वाचतात, ऐकतात आणि त्यांनाही वाटते की आपण का नाही? माझ्या भाचीलाही तसेच वाटले.

ती शिक्षणासाठी परगावी होती. तिथे ती एका घोडेस्वारीच्या वर्गाला जाऊ लागली. वर्गाचे नाव मी घेत नाही. वर्षभरात ती दुडकी चाल शिकली, भरधाव शिकली, छोट्या अडथळ्यांवरून उड्या घेऊ लागली. एक दिवस घोडा अडथळ्यापुढे गपकन थांबला आणि ती त्याच्या मानेवरून पुढे गेली. खांद्याला मुका मार बसला. शिकवणाऱ्याने त्याच दिवशी, सगळ्यांसमोर, अडथळ्याची दांडी आणखी वर चढवली आणि म्हणाला, "आता भीती मोड." घोडा पुन्हा थांबला. या खेपेला मनगट मोडले. प्लास्टर निघाले, हाड जुळले, पण मुलगी घोड्याच्या जवळ गेली की तिच्या हाताला घाम सुटे. घरात दोन पक्ष पडले. आजी म्हणे, "पुरे झाले, पोरीची जात, उद्या हातपाय अधू झाला तर?" बाप म्हणे, "दुसऱ्याच दिवशी परत चढवायला हवी होती." मुलगी गप्प. मला त्या गप्प राहण्याचीच काळजी वाटली.

भावाने मागे माळेगावच्या बाजारातून एक घोडी आणली होती. वयाने प्रौढ, स्वभावाने गरीब. शेजारच्या गावात लष्करातून निवृत्त झालेले एक गृहस्थ राहतात. घोड्यांतच त्यांचा जन्म गेला, म्हणून सगळे त्यांना उस्ताद म्हणतात. भावाने त्यांना बोलावले. मी त्या दिवसांत माहेरी होते. पुढचे दीड-दोन महिने जे पाहिले, ते सांगते.

उस्तादांनी पहिल्या दिवशी मुलीला घोड्यावर बसवलेच नाही. आम्हा घरच्यांना मात्र बाजेवर बसवून घोडा म्हणजे काय ते समजावले. ते म्हणाले, घोड्याचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असतात. त्यामुळे त्याला जवळजवळ चहूकडचे दिसते, पण ऐन कपाळासमोरचे आणि नाकाखालचे दिसत नाही. अडथळ्याच्या अगदी जवळ आल्यावर, उडी घ्यायच्या क्षणी, ती दांडी त्याला धड दिसतच नसते. आधी दुरून पाहिलेले लक्षात ठेवून आणि पाठीवरच्या स्वारावर विसंबून तो उडतो. दुसरे असे की, घोड्याच्या कातडीवर माशी बसली तरी त्याला कळते, मग पाठीवरचे माणूस आखडले तर कळणार नाही का? मुलगी घाबरून आखडते, लगाम ओढते, लोखंड घोड्याच्या तोंडात रुतते. घोडा म्हणतो, पुढे काहीतरी भय आहे, आणि थांबतो. तो थांबला की मुलगी म्हणते, पाहा, हा थांबतोच. असे एकाचे भय दुसऱ्याला आणि दुसऱ्याचे पहिल्याला. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात तो असा.

पुढे माझ्या वाचनात आले की स्वीडनमध्ये याचा प्रयोगच करून पाहिला आहे. २००९ साली तो प्रसिद्ध झाला. घोडा घेऊन चालणाऱ्या आणि घोड्यावर बसलेल्या माणसांना सांगितले की, या फेरीला तुमच्या शेजारी एकदम छत्री उघडली जाईल. छत्री उघडलीच नाही. पण नुसत्या त्या विचाराने माणसांच्या काळजाची धडधड वाढली आणि घोड्यांचीही वाढली. घोड्यांना तर छत्रीचे कुणी सांगितलेही नव्हते!

उस्तादांनी आणखी एक नाव सांगितले, ते मी लिहून ठेवले. इटलीच्या घोडदळात फेदेरिको काप्रिल्ली नावाचे कॅप्टन होते. १८६८ साली जन्मले, १९०७ साली वारले. त्यांच्या आधी स्वार उडीच्या वेळी मागे रेलत आणि लगाम ताणून धरत. त्याने घोड्याच्या पाठीवर भार येई, तोंडाला हिसका बसे आणि घोडा उडीला भिऊ लागे. काप्रिल्ली यांनी सांगितले की, स्वाराने रिकिबी जरा आखूड कराव्यात, पुढे झुकावे, हात घोड्याच्या तोंडाबरोबर पुढे जाऊ द्यावा आणि उडी घोड्याला घेऊ द्यावी. आज जगभर उडीची जी बैठक शिकवतात, ती त्यांचीच. मला यात एवढे कळले की, धीर म्हणजे घट्ट धरून ठेवणे हे काही खरे नाही. पुष्कळदा योग्य वेळी हात सैल सोडणे म्हणजेच धीर.

आता भाचीचे काय झाले ते सांगते. पहिला आठवडा तिने घोडीची फक्त सेवा केली. खरारा करणे, खूर साफ करणे, चारा-पाणी, हाताने धरून शेतभर फिरवणे. तिच्या हाताचा घाम तिथेच थांबला. दुसऱ्या आठवड्यात ती खोगिरावर बसली, पण लगाम तिच्या हाती दिला नाही. उस्तादांनी लांब दोरीवर घोडीला वर्तुळात फिरवले आणि मुलीला हात कधी कमरेवर, कधी बाजूला पसरून बसायला लावले. त्याने मांड पक्की झाली. मांड पक्की असली की हाताला लगामाचा आधार शोधावा लागत नाही.

मग जमिनीवर बांबू आडवे टाकले, एकमेकांपासून चार-साडेचार फुटांवर. घोडी दुडकीने त्यांवरून जाई. यात उडी नव्हती, पडण्यासारखे काही नव्हते. पण मुलीच्या मनात बांबू दिसला की पोटात गोळा उठे, तो हळूहळू उठेनासा झाला. चार-पाच दिवसांनी दोन बांबू एकमेकांवर तिरपे ठेवून मधोमध वीतभर उंचीची फुली केली. तिच्या आधी नऊ फुटांवर एक बांबू जमिनीवर ठेवला. त्याने घोडीचे पाऊल आपोआप योग्य जागी पडते, स्वाराला मोजत बसावे लागत नाही. घोडीच्या गळ्यात एक चामडी पट्टा बांधला आणि मुलीला सांगितले, "भीती वाटली तर हा पट्टा धर, लगाम ओढू नको. नजर दांडीवर ठेवू नको, पलीकडच्या त्या लिंबाच्या झाडावर ठेव. श्वास कोंडू नको, मोठ्याने आकडे म्हण." मुलगी आकडे म्हणत आली. "एक, दोन, तीन" आणि घोडी पलीकडे! आम्ही सगळ्या बांधावर उभ्या होतो. कुणी टाळ्या वाजवायच्या नाहीत, अशी उस्तादांची सक्त ताकीद होती, म्हणून पदर तोंडाशी धरून हसलो.

त्यांचे तीन नियम मी मनात धरून ठेवले आहेत. एक, रोज थोडेच करायचे आणि चांगले झाले की तिथेच थांबायचे. आणखी एकदा, आणखी एकदा करत थकल्यावर चूक होते आणि मग रात्री झोपताना तीच चूक आठवते. दोन, एका वेळी एकच गोष्ट अवघड करायची. उंची वाढवली तर घोडा तोच, जागा तीच. घोडा बदलला तर उंची कमी. तीन, मागे जायला लाज नाही. एखाद्या दिवशी मन घेत नसेल तर पुन्हा जमिनीवरच्या बांबूंवर जावे. स्वयंपाकात नवशिक्या सुनेला आपण पहिल्याच दिवशी पुरणपोळी लाटायला देतो का? आधी घडीची पोळी येऊ देतो. तसेच हे.

आता भावाच्या त्या म्हणण्याविषयी, की पडल्याबरोबर लगेच परत चढवावे. जुने लोक असे म्हणत आणि त्यात थोडे तथ्य आहे. मार लागला नसेल, मुलगी स्वतः तयार असेल, तर गरीब घोड्यावर बसवून दोन फेऱ्या सावकाश मारून आणाव्यात, म्हणजे भय मनात घर करत नाही. पण डोक्याला मार लागला असेल तर मुळीच नाही. डोके दुखणे, ओकारी, गरगरणे, विसरणे, अकारण झोप येणे यांतले काही दिसले तर तडक डॉक्टरांकडे न्यावे आणि ते सांगेपर्यंत घोड्याचे नाव काढू नये. पडताना ज्या शिरस्त्राणाने मार खाल्ला, ते वरून धड दिसले तरी बदलावे, कारण आतून त्याची ताकद गेलेली असते. आया-बहिणींनो, एवढे तरी अवश्य लक्षात ठेवा. स्कूटरच्या शिरस्त्राणालाही हेच लागू आहे.

थोरामोठ्यांची उदाहरणेही पाहू. झाशीच्या राणी लक्ष्मीबाई जून १८५८ मध्ये ग्वाल्हेरजवळ कोटा की सराई येथे धारातीर्थी पडल्या. त्यांच्या शेवटच्या लढाईची कथा आपण लहानपणापासून ऐकत आलो. नवा घोडा ओढ्यापाशी अडला, पलीकडे उडी घेईना, असे सांगतात. ऐकताना आपण घोड्याला दोष देतो. पण राणीसारखी निष्णात स्वार असूनही ओळख नसलेला घोडा पाण्यावरून जाईना, यात मोठा धडा आहे. उडी ही एकट्याची नसते. घोडा आणि स्वार यांचा एकमेकांवरचा विश्वास दिवसेंदिवस मुरावा लागतो, लोणच्यासारखा.

परदेशातल्या दोघींची नावे सांगते. डेन्मार्कच्या लिस हार्टेल यांना १९४४ साली, पोटात मूल असताना, पोलिओ झाला. गुडघ्याखाली पायांत शक्ती राहिली नाही. घोड्यावर चढवायला आणि उतरवायला माणसे लागत. त्या बाईने पुन्हा घोडेस्वारी शिकून १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये पुरुषांच्या बरोबरीने उतरून रौप्यपदक मिळवले आणि १९५६ साली पुन्हा मिळवले. ती स्पर्धा अडथळ्यांची नव्हती, घोड्याच्या डौलदार चालींची होती. पण पडून उठण्याची याहून मोठी उडी कोणती असेल?

दुसऱ्या अमेरिकेच्या लाना ड्यू पाँ. १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकमध्ये त्या उतरल्या. रानावनातल्या अडथळ्यांसह तीन प्रकारांची जी स्पर्धा असते, तीत उतरलेल्या त्या पहिल्या महिला. पावसाने निसरडे झालेल्या वाटेवर त्या घोड्यासकट पडल्या, उठल्या, पुन्हा चढल्या, पुढे पुन्हा पडल्या आणि तरी फेरी पुरी केली. त्यांच्या संघाला रौप्यपदक मिळाले. हे ऐकून ऊर भरून येतो. पण त्या घोड्याच्या जबड्याची हाडे मोडली होती, हेही सांगितले पाहिजे. आता नियम बदलला आहे. पडलेल्या स्वाराला त्या फेरीत पुढे जाऊ देत नाहीत. मला हा नियम योग्य वाटतो. मुक्या जनावराचा जीव आपल्या हौसेपेक्षा मोठा आहे. पुन्हा चढणे म्हणजे त्याच घटकेला चढणे असे नाही.

आपल्या देशाचेही सांगते. १९८२ च्या दिल्लीच्या आशियाई खेळांत लष्कराचे रघुबीर सिंग यांनी घोडेस्वारीत सुवर्णपदक मिळवले. त्यानंतर वैयक्तिक पदकासाठी २०१८ सालापर्यंत वाट पाहावी लागली. त्या वर्षी फवाद मिर्झा यांनी रौप्यपदक आणले. पुढे त्यांचा तो घोडा, सेन्यॉर मेडिकॉट, जायबंदी झाला. घाई न करता त्याला बरा होऊ दिला आणि त्याच घोड्यावर बसून ते टोकियो ऑलिंपिकमध्ये अंतिम फेरीपर्यंत गेले, तेविसावे आले. २०२३ साली चीनमध्ये हांगझोऊला चालींच्या सांघिक स्पर्धेत भारताने सुवर्णपदक मिळवले. चार जणांच्या त्या संघात दोन मुली होत्या, सुदीप्ती हजेला आणि दिव्यकृती सिंग. त्यांच्यासोबत मुंबईचा हृदय छेडाही होता.

आपण म्हणाल, हे सगळे ठीक, पण भाचीचे पुढे काय? ती आता दोन-सव्वादोन फुटांवरून निर्धास्त जाते. जिथे पडली ती तीन फुटांची दांडी अजून तिने ओलांडलेली नाही. कधी ओलांडेल, ते तिचे तिने ठरवायचे आहे. नाही ओलांडली तरी घोडी तिची मैत्रीण राहीलच. तिने उडी सोडली तरी मला वाईट वाटणार नाही, मात्र ती भयाने सोडू नये, विचार करून सोडावी. आजीबाई अजून बांधावर येत नाहीत, पण घोडीसाठी गूळ-भाकरीचा तुकडा रोज त्याच देतात.

भगिनींनो, शेवटी आपल्याविषयी. आपल्यात एकजण स्कूटरवरून पडली, तेव्हापासून तिने गाडीला हात लावला नाही. एकीने मसाल्याचा धंदा काढला, माल अंगावर पडला, तेव्हापासून ती बाजाराचे नाव काढत नाही. एकीने याच व्यासपीठावर बोलताना शब्द अडला म्हणून पुन्हा तोंड उघडले नाही. त्यांना आपण काय म्हणतो? "जाऊ दे बाई, झेपत नाही तर कशाला," किंवा "एवढे काय त्यात, कर की धडाक्यात." पहिले बोलणे आजीचे, दुसरे त्या दांडी वर चढवणाऱ्याचे. दोन्हींनी काम होत नाही. तिला कुणीतरी जमिनीवर बांबू मांडून द्यायला हवा. स्कूटरवालीला पहाटे मोकळ्या मैदानात घेऊन जा. मसाल्यावालीकडून पुढच्या महिन्याला चार घरांचाच मसाला करून घ्या. बोलायला भिणारीला पुढच्या सभेत नुसते आभार मानू द्या, दोन वाक्यांत. आणि टाळ्यांची घाई करू नका.

मी म्हणते, आपल्या मंडळाने येत्या वर्षी एवढे एक काम हाती घ्यावे. प्रत्येकीने अशी एक पडलेली मैत्रीण शोधावी, तिच्यासाठी वीतभर उंचीचा अडथळा मांडावा आणि तिच्या शेजारी बांधावर उभे राहावे. घोडामैदान जवळच आहे. पुढच्या वर्धापनदिनाला कळेलच, किती जणी पलीकडे पोचल्या ते.